खटावकरांची दाद

आमच्या शेजारी आता तीन मुलं भाड्यानं राहतात. हिंजवडीला कामाला जातात, अंधार पडल्यावर कंपनीच्या बसमधून उतरतात आणि कानांत बोंडं घालून बसतात. गुणी आहेत, लिफ्टमध्ये काकू काकू करतात, माझी भाजीची पिशवी उचलतात. पण भिंतीपलीकडून आवाज म्हणून येत नाही. शेजार म्हटला की भिंतीतून थोडं काहीतरी झिरपायला हवं की नको? मी मूळची अकोल्याची. आमच्याकडे दोन दिवस शेजाऱ्यांचं भांडण ऐकू आलं नाही तर लोक काळजीनं चौकशीला जातात. आणि ही तर ती भिंत, जिच्यातून मी दीड वर्षं, रोज दुपारी, खटावकरांना मरताना ऐकलं. आता कान लावला तर फ्रीजची घरघर येते.

मरताना म्हणजे खरंच नव्हे हो. खटावकर खुशाल आहेत. गेल्या वर्षी ते आणि सुलभाताई हिंजवडीला मुलाकडे राहायला गेले. आम्ही विश्रांतवाडीकरांनी खटावकर दिले आणि हिंजवडीनं त्यांच्या बदल्यात ही तीन मुलं पाठवली. व्यवहार काही बरोबरीचा नाही झाला.

खटावकर टेलिफोन खात्यात होते. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याकडे दोनच गोष्टी होत्या, पेन्शन आणि कॅसेटी. पुण्यात कुणाच्या घरी, कुणाच्या गच्चीवर, कुठल्या देवळाच्या मंडपात गाण्याची बैठक असली की खटावकर पहिल्या रांगेत. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत नॅपकिनमध्ये गुंडाळलेला टेपरेकॉर्डर, आणि जेवणाच्या डब्यात जादा सेल. डब्यात सेल आहेत हे माहीत नसल्यानं मध्यंतरात लोक आशेनं त्यांच्याजवळ येऊन बसत, असं सुलभाताई सांगायच्या. खोकला येऊ नये म्हणून ते गालात आल्याचा तुकडा धरत. दुसरा कुणी खोकला तर असे वळून बघत की त्या माणसानं पुढच्या वेळी मागची रांग धरलीच म्हणून समजा. कॅसेट ऐकताना ते खोकल्यावरून माणूस ओळखायचे. "हा कुलकर्णी. विलंबितात हमखास."

"गाणारा गातो ते त्याचं काम," असं त्यांचं एक वाक्य होतं. "ऐकणं हे आपलं काम, वहिनी. काम चोख पाहिजे." हे वाक्य ते मला सांगायचे, कारण सुलभाताईंना सांगायची सोय नव्हती. सुलभाताईंचं उत्तर तयार असे. "मला गाण्यातलं काही कळत नाही. कळणाऱ्या माणसाबरोबर संसार केला, तेवढं पुरे आहे."

आणि ऐकण्याच्या या चोख कामाचा शेवट खटावकर ज्या शब्दानं करत, तो शब्द म्हणजे 'मेलो'. लोक दाद देतात ती वा म्हणून, क्या बात म्हणून. खटावकर म्हणत, मेलो. तेही हळू नाही. पायावर वरवंटा पडल्यावर माणूस ओरडेल तसे.

आता गंमत अशी की शेजारी राहूनही हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. बैठका बाहेर होत, आणि घरातला डेक बिघडून माळ्यावर पडलेला. त्यामुळे एका दुपारी मी मेथी निवडत असताना भिंतीतून 'मेलो' आलं, तेव्हा मी जी उठले ती मेथीची जुडी हातात घेऊनच. बेल दाबली, कुणी येईना. सुलभाताई भिशीला गेल्या होत्या. त्यांची एक किल्ली आमच्याकडे असते, ती लावून आत शिरले, तर जेवणाच्या टेबलावर गोधडीचा तंबू आणि तंबूतून खटावकरांचे फक्त पाय बाहेर.

मी 'भाऊ' म्हणून हाक मारली. तंबूतून एक हात बाहेर आला आणि त्यानं मला खुर्ची दाखवली. मी बसले. उठायला गेले की हात पुन्हा यायचा. अर्धा तास मी मेथी मांडीवर घेऊन, तोंडातून ब्र न काढता बसून होते. मग घामाघूम खटावकर बाहेर आले, चष्मा पुसला आणि म्हणाले,

"वहिनी, तुमची हाक आत गेली. आता ती कायमची."

गोधडीखाली काय होतं, तर दुरुस्त करून आणलेला डेक आणि मुलानं दिलेला लॅपटॉप, समोरासमोर. डेकचं तोंड लॅपटॉपच्या कानाशी. कॅसेट वाजवायची आणि कॉम्प्युटरनं ती ऐकून लक्षात ठेवायची, असा बेत. बाहेरचे आवाज नकोत म्हणून गोधडी. हसू नका. ज्या माणसानं उभं आयुष्य एकाच्या तोंडाला दुसऱ्याचा कान जोडून देण्यात घालवलं, त्याला दुसरं काय सुचणार?

पुढचे पंधराएक दिवस आमच्या मजल्यावर संचारबंदी होती. दुपारी मिक्सर नाही, कुकर नाही, फरशीवर खुर्ची ओढणं नाही. मी वरण पातेल्यात शिजवायला लागले. तरीसुद्धा त्या पहिल्या गाण्यांमध्ये काय काय गेलं म्हणता? भंगारवाला गेला. खालच्या मजल्यावरचं कुत्रं गेलं. मी सुलभाताईंना विरजण मागितलं तेही गेलं, आणि ते असं नेमकं गेलं की बुवांनी आलाप संपवून श्वास घेतला आणि मी म्हटलं, चमचाभर असलं तरी चालेल. खटावकरांनी मला बोलावून ते ऐकवलं. "पदार्पण चांगलं झालं," म्हणाले.

शेवटी मुलाचा फोन आला. बाबा, दोन्हीकडे टोक असलेली एक वायर मिळते, ती लावा, गाणं आतल्या आत जाईल. वायरीनं जाता येतं, हे टेलिफोन खात्यातल्या माणसाला दुसऱ्यानं सांगावं लागलं, ते खटावकरांना फार लागलं. वायर आली. गोधडी धुवून कपाटात गेली. आमचे कुकर सुटले.

पण या सगळ्या खटाटोपामागे घाई होती, आणि ती घाई इंदूताईंची होती.

इंदूताई म्हणजे खटावकरांच्या तरुणपणी पेठांमधल्या घरगुती बैठकांत गाणाऱ्या एक बाई. फार तयारीच्या, असं जाणकार म्हणत. पण रेडिओवर कधी गेल्या नाहीत, तबकडी निघाली नाही. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग सासरे, मग मुलींची शिक्षणं. गाणं मागे पडलं ते पडलंच. आता त्या कात्रजला लेकीकडे होत्या. एका डॉक्टरांच्या घरी एका सकाळी त्या तोडी गायल्या होत्या, तेवढीच त्यांची गाण्याची खूण जगात उरली होती, आणि ती खटावकरांच्या कॅसेटमध्ये होती.

इंदूताईंचे कान चालले होते. डावा गेलाच होता, उजवा उतरत होता. कानाचं मशीन होतं, पण त्यातून बोलणं कळायचं, सूर कळायचा नाही. पत्रे वाजल्यासारखं येतं, म्हणायच्या. त्यांनी खटावकरांना फोन केला तो मी शेजारी बसून ऐकला, कारण कमी ऐकू येणारी माणसं मोठ्यानं बोलतात.

"खटावकर, कान आहेत तोवर मला एकदा मी ऐकायची आहे. किती वर्षं देतो देतो म्हणताय."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, इतकी वर्षं का नाही दिलीत? तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच मान खाली घातली. त्या सकाळी टेपरेकॉर्डर नेहमीप्रमाणे त्यांच्या मांडीवर होता. म्हणजे माइकच्या सर्वांत जवळ कोण, तर खटावकर. घरी येऊन कॅसेट लावली तर इंदूताईंच्या गाण्यातल्या प्रत्येक चांगल्या जागेवर एक माणूस वरवंट्याखाली सापडत होता. बाईंचं एवढं एकच गाणं, आणि त्यात आपण असे पसरलेलो. त्यांना कुठल्या तोंडानं ऐकवायचं? म्हणून देतो देतो.

वायर आल्यावर तर त्यांना ते डोळ्यांनी दिसलं. कॉम्प्युटरवर गाण्याच्या लाटा दिसतात, उंच आवाज उंच दिसतो. त्यांनी मला पडद्याशी नेलं. खाली बारीक बारीक उंचवटे चालले होते आणि मध्येच एकेक सुळका छपराला टेकलेला.

"हे खालचं इंदूताईंचं गाणं," ते म्हणाले. "पर्वतीएवढंसुद्धा नाही. आणि हा सिंहगड म्हणजे मी."

तिथून त्यांनी ठरवलं की इंदूताईंना गाणं द्यायचं ते स्वतःला काढून. कॉम्प्युटरात कापायची सोय असते. एका टोकाला रेघ, दुसऱ्या टोकाला रेघ, मधला तुकडा नाहीसा. आठवडाभर ते दाराला आतून कडी लावून हेच करत होते. संध्याकाळी पायऱ्यांवर भेटले की मी विचारायची, काय भाऊ, कुठवर आलं? ते समाधानानं सांगायचे, "आज बराच मेलो होतो. सगळा साफ केला." मी त्या दिवशीची पालेभाजी घेऊन घरी यायची आणि आमच्या यांना म्हणायची, शेजारचे खटावकर स्वतःला निवडतायत, मेथी निवडावी तसे.

सुलभाताईंची यात एकच अट होती. जे कॉम्प्युटरात गेलं ते घरातून गेलं पाहिजे. कॅसेटींची दोन कपाटं त्यांनी उभ्या संसारात सांभाळली होती. त्यांतलं एक त्यांना पांघरुणांना हवं होतं. खटावकरांनी अट मान्य केली. न करून सांगतात कुणाला.

झालं. गाणं तयार झालं. लॅपटॉप त्याच कापडी पिशवीत, त्याच नॅपकिनमध्ये गुंडाळून खटावकर कात्रजला निघाले. माझी भाची तिथे डेअरीच्या मागे राहते, म्हणून मीही निघाले. विश्रांतवाडी ते कात्रज म्हणजे पुण्याचं हे टोक ते ते टोक. दोन बस बदलेपर्यंत खटावकर त्या पिशवीला पहिल्या नातवासारखे धरून बसले होते.

इंदूताई दारातच उभ्या होत्या. उंच, सडपातळ, पांढरं सुती पातळ, आणि नजर अशी की आपण नकळत पदर सारखा करावा. त्यांनी कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली आणि उजवा कान स्पीकरला जवळजवळ टेकवला. गाणं सुरू झालं. मला तर फार गोड वाटलं. मध्ये कुणी ओरडत नव्हतं, स्वच्छ चाललं होतं. इंदूताईंचं एक बोट खुर्चीच्या हातावर ताल धरून होतं. ते चालता चालता अडखळलं. पुन्हा लागलं, पुन्हा अडखळलं. खड्ड्यात पाय जावा तसं. मग त्यांनी हात वर केला. खटावकरांनी गाणं थांबवलं.

"तबल्याला कोण होतं?"

"बापट होते ना."

"बापट सरळ माणूस. आपली मात्रा सोडायचा नाही, दुसऱ्याची खायचा नाही. इथे प्रत्येक फेऱ्यात मात्रा कमी भरतेय. कोणी खाल्ली? आणि ही जागा मी लागोपाठ दोनदा का घेतली? मी गाता गाता विसरले होते का?"

"मध्ये आवाज होता," खटावकर म्हणाले. "तो मी काढला."

"कसला आवाज? काय काढलंत?"

"मला."

हे ते इतकं हळू म्हणाले की इंदूताईंना ऐकू आलं नाही. इंदूताई मशीन कानात घालेपर्यंत खटावकरांना थांबावं लागलं आणि मग तेच पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. मी खिडकीतून कात्रजच्या सापांच्या बागेकडे जाणारे रस्ते शोधत राहिले. एवढ्या मोठ्या माणसाला असं उभं केलेलं बघवत नव्हतं.

इंदूताई चिडल्या, पण आवाज चढवला नाही. पुण्यातली माणसं खरी रागावली की आवाज खाली नेतात. त्या म्हणाल्या, "दाद आली म्हणून मी ती जागा पुन्हा घेतली. दाद काढलीत, तर ऐकणारा म्हणणार, बाई विसरली आणि परत आली. माझं एवढं एकच गाणं आहे हो. त्यात तुम्ही मला विसरभोळी केलीत." आणि मग, "जसं झालं होतं तसं आणा. लवकर आणा. कान माझ्या हुकमातला नाही."

परतीच्या बसमध्ये खटावकर पिशवी मांडीवर घेऊन बसले. स्वारगेटला म्हणाले, कॉम्प्युटरात कापलेलं गाणं मूळ गाण्यावरच साठवलं, त्यामुळे मूळ पुसलं गेलं. पण काळजी नाही वहिनी, कॅसेट आहे ना. मला तेव्हाच कपाटातली पांघरुणं आठवली.

कॅसेट होती. गच्चीवर होती. ते दिवस वाळवणाचे होते, आणि सुलभाताईंनी घरातून गेलेल्या कॅसेटींची फीत काढून कुरडयांवर आणि पापडांवर आडवी-उभी ताणली होती. ती उन्हात चकाकते, वाऱ्यात गुणगुणते, आणि कावळे-कबुतरं जवळ येत नाहीत. अख्ख्या बिल्डिंगच्या बायकांनी वाखाणलं होतं. मीही माझ्या उडदाच्या पापडांसाठी दोन हात मागून घेतली होती, हे मी तेव्हा बोलले नाही. नंतर गुपचूप परत नेऊन दिली. ती दुसऱ्या कुणा बुवांची निघाली.

खटावकर त्या जाळ्याखाली उभे राहिले. वर वाऱ्यावर फिती गुणगुणत होत्या. त्यांनी मान तिरकी करून थोडा वेळ ऐकलं, खोटं नाही सांगत, सवयच ती. मग बायकोला विचारलं, यांतली इंदूताईंची कुठली?

"टाकीपासून जिन्यापर्यंतची," सुलभाताई म्हणाल्या. "ती ताणली तरी तुटत नव्हती. म्हणून कुरडयांना घेतली. बाकीच्या पापडांवर."

"चला. एवढ्या वर्षांनी दर्जा तरी कळायला लागला."

"अहो, टोमणे नंतर मारा. आधी ती खाली काढायची कशी ते सांगा. की मी एकटीनं काढू?"

आणि खरं सांगते, पुढचं सगळं सुलभाताईंनी केलं. खटावकर नुसते 'सांभाळून' म्हणत भोवती फिरत होते. सुलभाताईंनी गाठी नखांनी सोडवल्या, जिथे कापलं होतं तिथे चिकटपट्टीनं सांधलं. फीत आमच्या मजल्यावरून जिन्यातून खालपर्यंत सोडली आणि प्रत्येक वळणावर एकेक बाई उभी केली, पीळ पडू नये म्हणून. कबुतरांना फीत दिसली होती पण पटली नव्हती, त्याच्या खुणा जागोजागी होत्या. त्या सुलभाताईंनी जुन्या धुवट मलमलीनं पुसल्या. कॅसेटीचं रिकामं खोकं खटावकरांनी ठेवून दिलेलं होतं; रिकामी डबी ते फेकत नसत. त्यात पेन्सिल घालून फीत गुंडाळायला मला बसवलं. जिन्यातून जाणारा येणारा विचारायचा, काय चाललंय? सुलभाताई सांगायच्या, तोडी. पुढे कुणी विचारायचं नाही.

गुंडाळून डेकमध्ये घातली आणि सगळ्यांनी श्वास धरला. आवाज आला, पण भलताच. कुणीतरी पाण्याखालून, शेवटाकडून सुरुवातीकडे गात होतं. फितीला कुठेतरी पीळ राहून ती उलटी बसली होती. आम्ही हताश होऊन बघतोय, तर खटावकरांचे डोळे मिटलेले, मान डोलतेय आणि तोंड उघडायच्या बेतात.

"अहो," सुलभाताई म्हणाल्या, "उलटं चाललंय. उलट्यालासुद्धा मरताय?"

पुन्हा सगळी सोडली, पुन्हा बायका जिन्यात उभ्या राहिल्या, पुन्हा गुंडाळली. मी त्या दिवशी घरी फक्त पोहे केले. उन्हं कलली तेव्हा डेकमधून इंदूताई सरळ गायला लागल्या. सूर झोपाळ्यावर बसल्यासारखा थोडा खालीवर होत होता; उन्हानं आणि ताणानं फीत कुठेकुठे गेली होती, तिथे क्षणभर काहीच नसे. पण गाणं होतं. आणि पहिलीच चांगली जागा आली तसे त्यात खटावकर मेले. आम्ही सगळ्या बायका जिन्यात हसत बसलो. ह्या वेळी त्यांनी कापायला हात लावला नाही. आहे तसं, खोकल्याखाकल्यासकट आत घेतलं.

कात्रजला ह्या खेपेला सुलभाताईही आल्या. टांगलं मी, तर पोचवतेही मीच, म्हणाल्या.

इंदूताईंनी मशीन काढलं, उजवा कान लावला. बोट खुर्चीच्या हातावर चालायला लागलं. खटावकर भिंतीशी उभे; परीक्षेच्या निकालाला पोरं उभी राहतात तसे. सूर झोके घेत होता, इंदूताईंच्या कपाळाला आठी पडत होती आणि जात होती. मग तालाचा फेरा फिरून सम जवळ आली. सम म्हणजे तालानं हिंडून फिरून जिथे घरी यायचं ती जागा, एवढं मलाही आतापर्यंत खटावकरांनी शिकवलं होतं. इंदूताईंचं बोट वर उचललेलं होतं, अजून खाली यायचं होतं, आणि स्पीकरमधून 'मेलो' आलं. मग बोट खाली आलं.

पुढच्या फेऱ्याला तेच. बोट हवेत, खटावकर मेलेले, मग बोट खाली. त्याच्या पुढच्याला इंदूताई आधीच हसायला लागल्या. गाणं थांबवून मशीन कानात घातलं.

"खटावकर, तुम्ही आयुष्यभर दाद अशीच दिलीत?"

"हो."

"एक मात्रा आधी?"

खटावकरांचा चेहरा उतरला. पुण्यातल्या यच्चयावत बैठकांत पहिल्या रांगेत बसलेला माणूस, ऐकण्याचं काम चोख पाहिजे म्हणणारा, आणि सम यायच्या आधीच, दर वेळी, सगळ्यांसमोर. इतक्या वर्षांत कुणा गवयानं त्यांना सांगितलं नव्हतं. सुलभाताईंनी मात्र लगेच विचारलं, "म्हणजे चुकीची?"

"चुकीची नाही हो. आधीची," इंदूताई म्हणाल्या. आणि मग खटावकरांकडे बघून त्या बोलल्या ते मी जसंच्या तसं सांगते. "त्या सकाळी सगळे तोलून मापून ऐकत होते. घरसंसारातली बाई, हिला जमतंय का बघू या, असे चेहरे. तुम्ही तेवढे, मी पोचायच्या आधीच मेलेले. मग मला पोचावंच लागायचं."

खटावकरांनी चष्मा काढला आणि लॅपटॉपच्या नॅपकिननं पुसत बसले, पुष्कळ वेळ. इंदूताईंनी तोवर मशीन पुन्हा काढून ठेवलं होतं आणि खुणेनं सांगितलं होतं, पहिल्यापासून लावा.

बसमध्ये सुलभाताईंनी एकदाच तोंड उघडलं. "म्हणजे इतकी वर्षं जादा सेल घेऊन जाऊन..." खटावकर म्हणाले, तू गप्प बस. त्या गप्प बसल्या. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

बाकीच्या कॅसेटी त्यांनी मग न कापता, आहे तशा आत घेतल्या. भिंतीतून रोज 'मेलो' यायचं, आणि आता मीही बोट धरून बघायला लागले. खरंच आधी असायचं. दर गुरुवारी ते कात्रजला जायला लागले. इंदूताई त्यांना मात्रा मोजायला शिकवत होत्या. या वयात काय करायचंय, असं मी विचारलं तर म्हणाले, चूक कळल्यावर तीच पुन्हा करायची म्हणजे खोडसाळपणा होतो, वहिनी. इंदूताई आपलं गाणं कान होता तोवर रोज ऐकत होत्या, असं त्यांची लेक सांगायची. सकाळी चहाबरोबर, वर्तमानपत्राच्या आधी. पावसाळा सरता सरता उजवा कानही गेला.

खटावकर हिंजवडीला जायच्या आठवड्यात मी भाचीकडे गेले होते. गुरुवार होता, म्हणून वाटेत इंदूताईंकडे डोकावले. लेकीनं दार उघडून मला खुणेनंच आत घेतलं. लॅपटॉप पिशवीतच होता. इंदूताई स्वतः गात होत्या. आवाज अगदी बारीक, आणि स्वतःचा सूर स्वतःला ऐकू येत नसल्यानं तो मधूनमधून भलतीकडे जात होता, पण मांडीवरचा हात ताल सोडत नव्हता. समोर खटावकर, बोटांच्या पेरांवर मोजत, ओठ हलवत बसलेले.

फेरा पुरा होत आला तसं त्यांचं तोंड उघडलं. इंदूताईंना आवाज येणार नव्हता, पण चेहरा दिसत होता. गाणं न थांबवता त्यांनी दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं. अजून नाही. खटावकर थांबले. तोंड उघडं, मान पुढे, हात हवेत, आणि आवाज नाही. मी दारात अजून चपलाच काढत होते. माझा एक पाय तसाच अधांतरी राहिला.